एका जखमेतले दोन जंतू



इंग्रजी अमदानीतल्या कागदपत्रांत वरोरा भेटते ते कोळशाच्या खाणीपायी. आज महाराष्ट्र त्याला ओळखतो तो आनंदवनापायी. मी इतिहासाचा मास्तर. इतिहास म्हटला की आमच्या विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढे राजे, लढाया आणि तहनामे उभे राहतात. आज ज्या लढाईविषयी बोलायचे आहे तिच्यात मात्र घोडा नाही आणि तलवारही नाही. ती माणसाच्या कातडीवर चालते. कधी पायाच्या तळव्याला, कधी मानेवर, कधी बाळंतिणीच्या स्तनात, कधी शस्त्रक्रियेच्या टाक्यांत. शत्रू एवढासा, की हजारभर एका ओळीत उभे केले तरी ती ओळ कशीबशी एक मिलिमीटर भरेल.

या जंतूचे नाव स्टॅफिलोकॉकस. डॉक्टरमंडळी त्याला थोडक्यात 'स्टॅफ' म्हणतात. आपण त्याला नावाने ओळखत नसलो तरी करणीने चांगले ओळखतो. केसतूड, गळू, काळपुळी, नखुर्डे, पापणीवरची रांजणवाडी, हे बहुतेक वेळा त्याचेच काम. गेल्या पावसाळ्यात माझ्या मामांच्या मानेवर एक गळू झाले आणि त्या गळवाने घरातल्या चौघांना तीन महिने जेरीस आणले. मी डॉक्टर नाही. पण त्या तीन महिन्यांत मी या जंतूचा इतिहास जमेल तसा वाचून काढला. वाचता वाचता ध्यानात आले, की या इतिहासाची एक वाट आपल्या वरोऱ्यावरून, वर्ध्यावरून आणि गडचिरोलीवरून जाते.

सुरुवात आनंदवनापासूनच करू. मुरलीधर देविदास आमटे, म्हणजे आपले बाबा, हे वरोऱ्यातले वकील. गावच्या नगरपालिकेत मान, घरची जमीनदारी. पावसात भिजत, गटाराकाठी पडलेला तुळशीराम नावाचा कुष्ठरोगी त्यांनी पाहिला. बोटे झडलेली, अंगावर जखमा, जखमांत किडे. बाबा आधी घाबरून घरी पळाले आणि मग आपल्याच भीतीची लाज वाटून परत गेले. ही गोष्ट आपण सर्वांनी ऐकली आहे. तिच्यापुढचा भाग फारसा सांगितला जात नाही. नुसती दया पुरत नाही हे ओळखून बाबा कलकत्त्याच्या ट्रॉपिकल स्कूलमध्ये गेले आणि कुष्ठरोगाचे शिक्षण घेऊन आले. १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन झाली. १९५१ च्या जूनमध्ये विनोबांच्या हस्ते आनंदवनाचे उद्घाटन झाले. सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये एवढ्या भांडवलावर ते सुरू झाले असे सांगतात. बरोबर साधनाताई आणि दोन तान्ही म्हणावीत अशी मुले. जमीन खडकाळ, झुडपांनी भरलेली.

अशा ठिकाणी रोजचे पहिले काम कोणते असेल? जखमा धुणे. पट्ट्या सोडायच्या, जखम पाण्याने स्वच्छ करायची, पुन्हा बांधायची. ज्याने हे काम एकदा केले असेल त्याला पुवाचा वास विसरता येत नाही.

आता थोडे थांबून एक गैरसमज दूर केला पाहिजे, कारण तो आपल्या खेड्यांत अजून आहे. कुष्ठरोगाने बोटे 'झडतात', असे लोक म्हणतात. तसे होत नाही. कुष्ठरोगाचा जंतू कातडीला आणि नसांना धरतो. नस गेली की तेवढ्या भागाची जाणीव जाते. चपलेत खडा रुतला तरी कळत नाही. चुलीवरचे पातेले उघड्या हाताने उचलले, हात भाजला, तरी कळत नाही. वेलोरच्या रुग्णालयात डॉ. पॉल ब्रँड यांनी वर्षानुवर्षे रुग्णांच्या मागे लागून हा उलगडा केला. काहींची बोटे रात्रीत कमी होत. शोध घेता असे दिसले की झोपेत उंदीर कुरतडतात आणि माणसाला पत्ता लागत नाही. म्हणजे दुखणे ही देवाने दिलेली केवढी राखण आहे पाहा! ती राखण गेली की पायाला भोक पडते आणि त्या भोकातून दुसरा जंतू आत शिरतो. तो बहुधा आपला स्टॅफ. तो मांस कुजवतो, हाडापर्यंत जातो आणि बोट जाते ते त्याच्यामुळे.

एका जखमेत असे दोन जंतू. एक दार उघडून देतो, दुसरा घर लुटतो.

दोघांच्या स्वभावात मात्र जमीन-अस्मानाचे अंतर. शिक्षक मंडळींनी हे गणित फळ्यावर जरूर मांडावे. स्टॅफला ऊब आणि अन्न मिळाले तर एकाचे दोन व्हायला सुमारे अर्धा तास लागतो. संध्याकाळी सातला एक असेल तर पहाटे पाचला वीस वेळा दुप्पट होऊन दहा लाखांवर जातो. कुष्ठरोगाच्या जंतूला एकाचे दोन व्हायला बारा-चौदा दिवस लागतात. त्याला दहा लाखांचा आकडा गाठायला आठ-नऊ महिने हवेत. हा एक फरक लक्षात ठेवा. पुढची सगळी हकिकत याच फरकावर उभी आहे.

स्टॅफची ओळख जगाला पटली १८८० च्या सुमारास. स्कॉटलंडमधील ॲबर्डीन गावचे शल्यवैद्य अलेक्झांडर ऑगस्टन यांनी गळवातला पू सूक्ष्मदर्शकाखाली धरला तेव्हा त्यांना गोल गोल कणांचे झुबके दिसले, द्राक्षांच्या घोसासारखे. ग्रीक भाषेत द्राक्षघोसाला 'स्टॅफिली' म्हणतात, म्हणून हे नाव. त्याचा जो सर्वांत उपद्रवी भाऊ आहे त्याच्या वसाहती सोनेरी दिसतात. म्हणून लॅटिनमध्ये त्याला 'ऑरियस', म्हणजे सोनेरी, म्हणतात. नाव सोनूबाई, आणि करणी अशी!

तोवर, आणि त्यानंतरही पन्नास-साठ वर्षे, गळवावर उपाय म्हणजे पोटीस, शेक, आणि पिकले की चिरा. आजीबाईंच्या पोटिसाला हसू नये. शेकाने गळू लवकर पिकते आणि पू निघाला की निम्मे दुखणे निघते, हे आजचे डॉक्टरही सांगतात. परंतु विष रक्तात उतरले की पोटीस काय करणार? साध्या काट्याने, साध्या वस्तऱ्याच्या कापाने धडधाकट माणसे जात.

मग आले पेनिसिलीन. १९२८ मध्ये लंडनच्या सेंट मेरी रुग्णालयात अलेक्झांडर फ्लेमिंग यांच्या काचेच्या बशीत बुरशी पडली आणि तिच्याभोवतीचे जंतू विरघळले, ही गोष्ट पाठ्यपुस्तकांत असते. त्या बशीत जंतू कोणते होते, हे मात्र मुलांना सांगत नाहीत. ते स्टॅफचेच होते! पुढे १९४१ च्या फेब्रुवारीत ऑक्सफर्डला एका पोलीस शिपायावर हे औषध प्रथम नीट वापरले गेले. चेहऱ्यावरच्या जखमेत स्टॅफ आणि त्याचा एक जातभाई शिरून माणूस मरणाला टेकला होता, एक डोळा काढावा लागला होता. पेनिसिलीन देताच चार-पाच दिवसांत ताप उतरला, तो जेवू लागला. पण साऱ्या प्रयोगशाळेत औषध होते तेच मूठभर. त्याच्या लघवीतून ते पुन्हा गाळून काढून पुन्हा टोचले, तरी पुरले नाही. दुखणे उलटले आणि मार्चमध्ये तो गेला. औषध खरे होते, फक्त ते अर्ध्यावर थांबले.

आपल्याकडे पेनिसिलीन हे नाव पहिल्याने पुष्कळांच्या कानावर आले ते एका दुःखद प्रसंगाने. १९४४ च्या फेब्रुवारीत पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कस्तुरबा अत्यवस्थ होत्या. देवदास गांधींनी कलकत्त्याहून विमानाने पेनिसिलीन आणवले. दर थोड्या तासांनी सुई टोचावी लागेल हे कळल्यावर गांधीजींनी आता तिला त्रास नको म्हणून सांगितले. २२ तारखेच्या संध्याकाळी बा गेल्या. त्या औषधाने त्या वाचल्याच असत्या असे नव्हे. हृदय थकले होते. पण ज्या शहराकडे हे औषध विमानाने धावत आले, त्याच शहराच्या वेशीवर, पिंपरीला, दहा वर्षांनी सरकारने हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा कारखाना काढला. स्थापना १९५४ ची, उत्पादन १९५५ पासून. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी हातभार लावला. स्वतंत्र देशाने स्वतःच्या गरिबांसाठी स्वतः औषध करायचे, हा त्यामागचा विचार. आज त्या कारखान्याचे ते वैभव राहिलेले नाही. पण पिंपरीची बाटली तालुक्याच्या दवाखान्यात पोचली, हे साधे काम नव्हते.

इतके सगळे चांगले चालले असताना बिघडले कुठे?

सुरुवातीपासूनच बिघडले होते. पेनिसिलीन माणसाला टोचण्याआधीच, १९४० मध्ये, ऑक्सफर्डच्याच अब्राहम आणि चेन या दोघांनी काही जंतूंमध्ये पेनिसिलीन फोडणारा पदार्थ असल्याचे जाहीर केले होते. दोन-चार वर्षांत तो स्टॅफमध्येही सापडला. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात डॉ. मेरी बार्बर यांनी रुग्णांच्या जखमांतले स्टॅफ तपासून हिशेब ठेवला. १९४६ मध्ये शंभरांतले सुमारे चौदा पेनिसिलीनला दाद देत नव्हते. १९४७ मध्ये अडतीस. १९४८ मध्ये एकोणसाठ. अवघ्या दोन वर्षांत! इतिहासात राज्ये बुडायलाही याहून जास्त वेळ लागतो.

फ्लेमिंग यांना हे दिसत होते. १९४५ च्या डिसेंबरात नोबेल पारितोषिक घेताना त्यांनी भाषणात एक कल्पित गोष्ट सांगितली. एका गृहस्थाचा घसा दुखतो. तो दुकानातून पेनिसिलीन आणून थोडेसे घेतो. जंतू मरत नाहीत, उलट औषधाला सरावतात. मग तेच जंतू त्याच्या बायकोला लागतात, तिला न्यूमोनिया होतो, आणि आता पेनिसिलीन तिच्यावर चालत नाही. ती मरते. तिला मारले कोणी, असा प्रश्न फ्लेमिंग विचारतात, आणि बोट त्या नवऱ्याकडे दाखवतात. आपल्या बाजाराच्या दिवशी कोणत्याही गावात पाहा, तो गृहस्थ भेटेल.

'सरावतात' हा शब्द मी वापरला खरा, पण तो तितकासा बरोबर नाही. जंतू काही शाळेत जाऊन शिकत नाही. लाखोंच्या गर्दीत एखादा मुळातच वेगळा असतो. त्याच्यापाशी पेनिसिलीन कापणारी कात्री असते म्हणा. एरवी तो गर्दीत हरवलेला. अर्धवट औषधाने बाकीचे मेले की मैदान त्याला मोकळे. तणनाशक मारल्यावर जे गवत उरते त्याचेच बी पुढच्या वर्षी शेतभर होते, हे शेतकऱ्याला मी सांगायला नको. त्यात स्टॅफची आणखी एक खोड: ती कात्री कशी करायची याची चिठ्ठी तो शेजारच्या जंतूला देऊ शकतो. म्हणजे बी पेरायलाही नको, नुसती चिठ्ठी फिरली की झाले.

शास्त्रज्ञांनी या कात्रीला न जुमानणारे मेथिसिलीन नावाचे औषध काढले. ते १९६० मध्ये इंग्लंडात वापरात आले आणि १९६१ मध्येच पेट्रिशिया जेव्हन्स या बाईंनी त्यालाही न जुमानणारे स्टॅफ सापडल्याचे प्रसिद्ध केले. या वेळी जंतूने कात्री नव्हे, कुलूपच बदलले होते. औषध त्याच्या भिंतीच्या ज्या गवंड्याला धरून बसते, तो गवंडीच त्याने दुसरा नेमला. या जातीला आज 'एमआरएसए' म्हणतात आणि ती जगभर आहे. २००८ आणि २००९ या दोन वर्षांत भारतातल्या पंधरा मोठ्या रुग्णालयांनी मिळून हिशेब ठेवला, तेव्हा स्टॅफच्या शंभर नमुन्यांतले सुमारे एक्केचाळीस या जातीचे निघाले.

आता पुन्हा आपल्या संथ जंतूकडे, कुष्ठरोगाकडे वळू. त्याच्यावर पूर्वी कडू कवठाचे, चालमोगऱ्याचे तेल टोचत. ते वेदनेचे आणि फार उपयोगाचे नसे. १९४१ मध्ये अमेरिकेतल्या कार्व्हिल येथे सल्फोन वर्गातले औषध लागू पडले, आणि दशक संपता संपता डॅप्सोनची स्वस्त गोळी हाती आली. आनंदवन सुरू झाले त्या वेळी कुष्ठरोग्यांच्या साऱ्या आशा या गोळीवर होत्या. वर्ध्याला १९५१ मध्ये निघालेल्या गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानाने गावोगाव पाहणी, शिक्षण आणि उपचार अशी पद्धत बसवली. रुग्णाला कोंडून ठेवायचे नाही, त्याच्या घरी गोळी पोचवायची.

परंतु एकच गोळी, तीही वर्षानुवर्षे, आणि बरे वाटले की मध्येच बंद. परिणाम तोच झाला. १९६४ मध्ये मलायातील सुंगेई बुलो येथल्या रुग्णांत डॅप्सोनला दाद न देणारा जंतू असल्याचे सिद्ध झाले. हा जंतू काचेत वाढत नाही, म्हणून उंदराच्या तळव्यात वाढवून ते सिद्ध करावे लागले. पाहा, स्टॅफला जे करायला चार-पाच वर्षे लागली, ते करायला याला वीस-बावीस लागली. पण केले त्यानेही.

मग उपाय निघाला तो गणिताचा. समजा, दहा लाख जंतूंत एक पहिल्या औषधाला भीत नाही, आणि दहा लाखांत एक दुसऱ्या औषधाला. तर दोन्हींना न भिणारा सापडायला दहा लाख गुणिले दहा लाख, म्हणजे लाख कोटी जंतू हवेत. तेव्हा दोन-तीन औषधे एकदम द्या. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी रिफाम्पिसिन, क्लोफाझिमिन आणि डॅप्सोन एकत्र देण्याची शिफारस केली. याला बहुविध औषधोपचार म्हणतात. भारतात तो प्रथम ज्या जिल्ह्यांत सुरू झाला त्यांत आपला शेजारी वर्धा होता. महिन्यातून एकदा मोठी मात्रा कर्मचाऱ्याच्या समोर गिळायची, बाकीच्या गोळ्या दिवस मोजून पाकिटात. २००५ च्या अखेरीस देशपातळीवर प्रमाण दहा हजारांत एकाच्या खाली गेले. चंद्रपूर-गडचिरोलीत नवे रुग्ण अजून सापडतात. अंगावरचा फिकट, बधिर चट्टा दाखवायला लाजू नये. पण हा रोग आज पुरता बरा होतो.

कोणी विचारेल, मग स्टॅफवर हीच युक्ती का चालवत नाहीत? इथेच खरी मेख आहे. कुष्ठरोगाचा जंतू रुग्णातच सापडायचा. त्याला शोधून, मोजून, वर्षभर गोळी देता येते. स्टॅफ मात्र माझ्या-तुमच्या नाकात बसलेला असतो. दर तीन निरोगी माणसांत साधारण एकाच्या नाकात तो सुखाने नांदतो. सर्दी झाली म्हणून आपण दुकानातून कॅप्सूल आणतो. सर्दीच्या विषाणूला तिने काही होत नाही, सर्दी आपली आठ दिवसांनी जायची ती जातेच. पण त्या दोन कॅप्सुला नाकातल्या स्टॅफवर जाऊन आदळतात. दुबळे मरतात, कात्रीवाले राहतात. पुढे सहा महिन्यांनी पायाला विळा लागला की जखमेत उतरतात ते हे निवडलेले वीर! गोठ्यातही तेच. गाईच्या सडाला दगडी होते, म्हणजे कासदाह, त्यातही हा जंतू असतोच. ट्यूब दोनदा भरली, दूध बरे दिसले, की तिसरी ट्यूब वाचवायची. मी गुराख्याला दोष देत नाही. ट्यूबचे पैसे त्याच्या खिशातून जातात आणि जंतू डोळ्यांना दिसत नाही.

म्हणून या जंतूचा निःपात करू ही भाषा सोडून, त्याच्यासोबत सावधपणे राहू ही भाषा डॉक्टर बोलतात. सावधपणा कसला? लहान गळू असेल तर शेक द्यावा, पण पिळू नये. नाकाजवळचे तर मुळीच नाही, तिथून विष मेंदूपर्यंत जाऊ शकते. पू धरला तर डॉक्टरांकडून चिरून घ्यावा. पुष्कळदा तेवढ्यावर भागते, गोळीची गरजही पडत नाही. जखम झाकलेली असावी, पट्टी बदलली की साबणाने हात धुवावे, आणि पंचा, वस्तरा, अंथरूण ज्याचे त्याचे वेगळे. कपडे गरम पाण्याने धुऊन कडक उन्हात. ताप आला, लाली पसरू लागली, माणूस मधुमेही असेल किंवा मूल तान्हे असेल, तर एक दिवसही घरी काढू नये. गळवे पुन्हा पुन्हा येत असतील तर पू तपासायला पाठवावा. दोन-तीन दिवसांत कळते कोणते औषध लागू पडेल. एमआरएसए निघाला म्हणजे सगळे संपले असे नाही. को-ट्रायमॉक्साझोल, डॉक्सिसायक्लिन, क्लिंडामायसिन अशी जुनी, स्वस्त औषधे पुष्कळदा चालतात. विष रक्तात गेले असेल तर रुग्णालयात व्हँकोमायसिन शिरेतून द्यावे लागते. जंतूने दोन-चार ठिकाणी त्यालाही धक्का दिलेला आहे, म्हणून ते जपून वापरतात.

आणि ज्याचा कुष्ठरोग बरा झाला पण पाय बधिर राहिला, त्याचे काय? पाय रोज पाण्यात भिजवायचे, निबर कातडी घासायची, तेल लावायचे, दिव्याजवळ तळवा धरून डोळ्यांनी पाहायचा. हाताला जे कळत नाही ते डोळ्यांनी पाहायचे. वर मऊ रबराच्या चपला. जखमच झाली नाही तर दुसऱ्या जंतूला दार नाही, मग तो कोणत्या औषधाला भीत नाही याची चौकशी करायचे कारणच उरत नाही. बाबा २००८ मध्ये गेले. त्यांचे रस्ते, विहिरी, शेती याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या धुतलेल्या जखमांविषयी मात्र त्या मानाने कमी.

मला कोणी असे समजू नये की खेड्यात औषध नको, असे माझे म्हणणे आहे. शहरातले काही शहाणे तसे बोलतात, त्यांना गडचिरोली दाखवावी. तिथे डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९० च्या दशकात ३९ गावांतल्या, थोडेसे शिकलेल्या बायांना तान्ह्या बाळांचे जंतुदोष ओळखायला शिकवले. लक्षणे मोजायची, ठरलेली लक्षणे जुळली तरच, आणि आईबापांनी बाळाला रुग्णालयात न्यायला नकार दिला तर, जेंटामायसिनचे इंजेक्शन द्यायचे. ठरलेले दिवस, ठरलेली मात्रा, वहीत नोंद. अशा जंतुदोषाने आजारी पडलेल्या शंभर बाळांतली पूर्वी सोळा-सतरा जात, ती तिनाच्या आत आली. १९९९ मध्ये हे 'लॅन्सेट' या इंग्रजी वैद्यकीय नियतकालिकात छापून आले आणि जगाने ते उचलले. औषध तेच, खेडेही तेच. पण वहीत नोंद होती. उलट आपल्याकडे २०१४ पासून कायदा आहे, की ठरावीक अँटिबायोटिके विकताना दुकानदाराने डॉक्टरची चिठ्ठी पाहावी, नोंद ठेवावी. पाकिटावर उभी लाल रेघ असते, तिचा अर्थ चिठ्ठीशिवाय घेऊ नका. किती जणांनी ती रेघ पाहिली आहे, हे वर्गात एकदा विचारून बघा.

आता मामांची गोष्ट पुरी करतो. मानेवर गळू आले तेव्हा सोयाबीनची निंदणी चालू होती. बाजारातल्या एका दुकानातून त्यांनी चार कॅप्सुला आणल्या, दोन घेतल्या, बरे वाटले, दोन घडीच्या डब्यात ठेवल्या. पंधरा दिवसांनी गळू परतले, दुप्पट होऊन. उरलेल्या दोन घेतल्या. मग नातवाच्या मांडीवर आले, मग सुनेच्या काखेत, मग पुन्हा मामांना पाठीवर. घरात पंचा एक. मामी म्हणाली नजर लागली. मी गेलो तेव्हा मामा पालथे झोपले होते, ताप होता.

"मामा, औषध?"

"घेतलं ना रे बापू! चार गोया खाल्ल्या. आता अजून मले किती खायाच्या?"

त्यांना वरोऱ्याला आणले. डॉक्टरांनी गळू चिरले, वाटीभर पू निघाला, थोडा कापसाच्या काडीवर घेऊन तपासायला पाठवला. तिसऱ्या दिवशी कागद आला. औषधांची नावे एकाखाली एक, समोर इंग्रजी अक्षर: 'एस' म्हणजे लागू, 'आर' म्हणजे लागू नाही. पेनिसिलीनसमोर आर. मेथिसिलीनची चाचणी, तिथेही आर. मामांनी दुकानातून आणलेल्या कॅप्सुलच्या नावासमोरही आर. मामा सातवी शिकलेले. चष्मा लावून कागद त्यांनी वरपासून खालपर्यंत वाचला, मग मला म्हणाले, "म्हंजे हे औषधांचं निकालपत्रक आहे तर. किती नापास झाले जी?"

अकरांपैकी सहा.

"आन् हा पास झालेला?" त्यांनी एका ओळीवर बोट ठेवले. ती स्वस्तातली जुनी गोळी होती. डॉक्टरांनी सात दिवस सांगितली. मामींनी भिंतीवरच्या कालनिर्णयावर रोज एक फुली मारली. सुनेचे आणि नातवाचे गळू शेकाने आणि चिरून बरे झाले, त्यांना गोळी लागलीच नाही. दिवाळीला गेलो तेव्हा न्हाणीघराच्या भिंतीत चार खिळे ठोकलेले होते आणि चार खिळ्यांवर चार पंचे. नातवाने त्याच्या खिळ्याखाली खडूने स्वतःचे नाव लिहिले होते.